नव्याचे नऊ दिवस आणि इंजिनाचे हजार किलोमीटर



सायकलींच्या देशात राहून मोटरसायकलवर लिहितोय, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. पण आपल्यातल्या तिघा-चौघांनी गेल्या वर्षभरात इथला दुचाकीचा परवाना काढलाय. दोघांनी तर नवी गाडीही बुक केली आहे. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "अरे, रनिंग कसं करायचं? अजून चाळीसच्या वर न्यायची नाही असंच असतं का?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच सविस्तर लिहावं.

गेल्या सप्टेंबरात मी उट्रेख्तजवळच्या एका गावातून १२५ सीसीची नवी कोरी गाडी घेतली. मीटरवर ३ किलोमीटर. किल्ली देताना विक्रेत्याने गाडीकडे बघून दोनच शब्द सांगितले, "रुस्तिख आन." म्हणजे सबुरीनं घ्या. रनिंगला डच लोक 'इनरायडन' म्हणतात. गंमत म्हणजे प्रवेश बंद असलेल्या रस्त्याबद्दल बोलतानाही हेच क्रियापद येतं. त्यामुळे "हजार किलोमीटर इनरायडन" ऐकल्यावर पहिल्यांदा मला वाटलं, कुठेतरी शिरायला मनाई आहे :-)

संध्याकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल. बाबांनी आधी गाडीला हार घातला का विचारलं (घातला, जवळच्या दुकानातल्या शेवंतीचा). मग म्हणाले, "पहिलं हजार चाळीस-पन्नासच्या वर ताणू नकोस. आणि एका जागी खिळवू नकोस."

हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याचा अर्धाच भाग ऐकला होता आणि तो महागात पडला होता. तिथूनच सुरुवात करतो.

चाळीसचा दंडक

सन २००७. इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष. बाबांनी पीएफमधून उचल घेऊन मला १५० सीसीची गाडी घेऊन दिली. (कंपनीचं नाव सांगत नाही, दोष तिचा नव्हता.) टाकीवर रनिंगचा स्टिकर होता, कुठल्या गियरला किती वेग ते सांगणारा. मी तो श्लोकासारखा पाठ केला. दोन हजार किलोमीटर होईपर्यंत गाडी टॉप गियरला चाळीसवर, एकाच रेसवर चालवली. मित्र स्कूटीवरून पुढे जायचे आणि हात हलवायचे. मी मात्र साधूसारखा शांत.

बारा हजार किलोमीटरला गाडी तेल प्यायला लागली. सकाळी सुरू केली की निळसर धूर. मेस्त्रीने हेड उतरवलं, सिलिंडर बाहेर काढला आणि बाबांच्या हातात दिला.

बाबांच्या हातात, कारण बाबा भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात सिलिंडर होनिंगचंच काम करायचे. त्यांनी बोअरच्या आतून अंगठ्याचं नख फिरवलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, "काच झालीय." पुढे काही बोलले नाहीत. बोअर परत होन केला, नव्या रिंगा टाकल्या. त्या दिवशी किती पैसे गेले हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

चाळीसचा दंडक कुठून आला हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. आपल्या आईवडिलांच्या पिढीत स्कूटर मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. बजाजने १९७२ मध्ये चेतक आणली. परवाना राजच्या त्या काळात नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, काहींना दहा-दहा वर्षं लागली. एवढी वाट बघून घरात आलेलं इंजिन कोण पळवणार? शिवाय ते टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. पेट्रोलात टूटी ऑइल कमी पडलं किंवा नवं इंजिन फार तापलं की पिस्टन फुगून जाम होण्याची खरी भीती असायची. तेव्हा रनिंगमध्ये मुठीला जपणं हा शहाणपणाच होता.

पुढे इंजिनं फोर-स्ट्रोक झाली, सिलिंडर अधिक काटेकोर बनू लागले, पंखे आणि रेडिएटर आले. पण घराघरांत 'चाळीस' तेवढं टिकलं. त्याच्या जोडीचं "वेग बदलत राहा" गळून गेलं. माझ्या स्टिकरवर नसलं तरी पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं. मी पुस्तिका वाचली ती इंजिन उतरवल्यानंतर! (आपण आयटीवाले. डॉक्युमेंटेशन शेवटी वाचतो.)

आत नेमकं काय होतं?

मी पदवीने मेकॅनिकल, पोटापाण्याने आयटी. आपल्यात असे निम्मे तरी असतील. त्यामुळे थोडी उजळणी.

सिलिंडरची आतली भिंत मुद्दाम गुळगुळीत ठेवत नाहीत. होनिंगच्या दगडाने तिच्यावर बारीक तिरप्या रेषा पाडतात, साधारण ४५ ते ६० अंशांत एकमेकींना छेदणाऱ्या. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या रेषांची खोली काही मायक्रॉनच. पण तेल धरून ठेवायचं काम त्या करतात. नव्या सिलिंडरवर नख फिरवलं तर किंचित खरखर लागते. बाबा तीच शोधत होते.

नवी पिस्टन रिंग आणि नवी भिंत, दोघींवर सूक्ष्म उंचवटे असतात. रनिंग म्हणजे हे उंचवटे एकमेकांवर घासून सपाट होणं आणि रिंग त्या विशिष्ट सिलिंडरला सगळीकडून नीट टेकणं. तशी टेकली की जळता वायू खाली गळत नाही आणि खालचं तेल वर चढत नाही. ताकद, अॅव्हरेज आणि तेलाचा खप, तिन्ही यावर ठरतात.

आता कळीचा मुद्दा. रिंग भिंतीवर दाबली जाते ती स्वतःच्या ताणामुळे थोडीच. खरा दाब येतो तो वायूचा. इंधन पेटलं की उच्च दाबाचा वायू रिंगच्या वरून तिच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला आतून बाहेर ढकलतो. म्हणजे इंजिनावर भार असेल तरच रिंग नीट दाबली जाणार आणि घासली जाणार. सतत हलक्या हाताने, सपाट रस्त्यावर, एकाच रेसवर गाडी चालवली तर रिंग भिंतीवरून नुसती तरंगते. मध्ये राहिलेलं तेल उष्णतेने भाजून भिंतीवर बसतं, रेषा बुजतात आणि चकचकीत थर तयार होतो. यालाच ग्लेझिंग म्हणतात. बाबांच्या भाषेत काच.

मग पहिल्या दिवसापासून मूठ पूर्ण पिरगाळायची का? तेही नाही. उंचवटे अजून शाबूत असताना घर्षण जास्त, त्यामुळे जागोजागी उष्णता जास्त. तेलाचा थर तुटला तर धातूवर धातू घासून ओरखडे पडतात. ते परत भरून येत नाहीत.

थोडं गणित करू. माझ्या गाडीचा स्ट्रोक ४७.२ मिमी. ९००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला १५० वेळा खाली-वर जातो, सरासरी वेग सेकंदाला १४ मीटरच्या पुढे. ६००० ला तोच वेग साडेनऊ मीटर. पिस्टनला थांबवून परत उलटं फिरवायला लागणारं बळ मात्र आरपीएमच्या वर्गाने वाढतं. म्हणजे ६००० वरून ९००० ला गेलो की वेग दीडपट, पण कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवरचं ते ओझं सव्वादोनपट. म्हणून पुस्तिकेतली मर्यादा बहुतेक आरपीएमची असते, किलोमीटरच्या वेगाची नव्हे. छोट्या इंजिनाला तर हे जास्तच लागू, कारण ते रोजच्या वाहतुकीतही वरच्या आरपीएमला फिरतं. ५०० सीसीची गाडी ८० च्या वेगाला जांभई देत असते, १२५ तिथे बऱ्यापैकी कामाला लागलेली असते.

दोन पंथ

इंटरनेटवर शोधाल तर दोन पंथ सापडतील, शैव-वैष्णवांसारखे. एक म्हणतो, हजार-दीड हजार किलोमीटर अगदी हळुवार. दुसरा म्हणतो, होनिंगच्या रेषा पहिल्या काही तासांतच झिजतात, रिंग बसवायची ती तेवढ्यात, म्हणून सुरुवातीपासूनच जोरात पळवा.

दुसऱ्या पंथाच्या म्हणण्यात तथ्य आहे. रिंगा लवकर बसतात आणि त्यांना भार लागतो, हे खरंच. पण हा सल्ला मुख्यतः रेसिंगच्या जगातून आलाय. तिथल्या माणसाला इंजिन आज सील व्हायला हवं असतं, साठ हजार किलोमीटर टिकायला नव्हे. आणि रिंगा म्हणजेच सगळी गाडी नव्हे. गियर, बेअरिंग, क्लच, कॅम, सगळेच नवे असतात आणि प्रत्येकाला आपली जागा धरायला वेळ लागतो.

आपण ज्या देशात राहतो तो छोट्या इंजिनांच्या बाबतीत मोठा देश आहे, हेही जाता जाता सांगतो. आसेनची टीटी शर्यत १९२५ पासून सुरू आहे. आणि ५० सीसीच्या जागतिक स्पर्धेत यान दे फ्रीस या डच माणसाने क्राइडलर-व्हान व्हेनच्या गाडीवर १९७१ आणि १९७३ साली विश्वविजेतेपद मिळवलं. लुनाएवढ्या इंजिनावर! आमच्या गल्लीतले एक आजोबा अजून गॅरेजमध्ये जुनी क्राइडलर पुसत बसतात. माझी गाडी बघून त्यांनी सिलिंडरला हात लावला आणि विचारलं, "इनरायडन?" मी हो म्हटलं. त्यांनी हाताने लाटा काढून दाखवल्या, वर-खाली, वर-खाली. म्हणजे एका जागी खिळवू नकोस. भोसरी आणि इथलं गॅरेज, सल्ला तोच.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्याही मधलाच मार्ग सांगतात. होंडा आपल्या छोट्या गाड्यांसाठी पहिले ५०० किलोमीटर पूर्ण मूठ, झटक्यात वेग, जोरदार ब्रेक आणि धाडकन गियर उतरवणं टाळा म्हणते. यामाहाच्या पुस्तिकांत ० ते १००० आणि १००० ते १६०० असे दोन टप्पे असतात. शब्द असे की ठरावीक आरपीएमच्या वर "दीर्घकाळ" चालवू नका. क्षणभर गेलात तर पाप नाही. तुमच्या गाडीची पुस्तिका काय म्हणते ते वाचा आणि तेच प्रमाण माना, कारण वॉरंटी त्याच कागदावर उभी असते.

सपाट देशातला घाट

पुण्यात दुसऱ्यांदा रिंगा टाकल्या तेव्हा बाबा स्वतः मागे बसले नाहीत, पण रस्ता त्यांनीच आखून दिला: सकाळी लवकर कात्रजचा घाट, वर जाताना गियर न ओढता मध्यम रेस, उतरताना मूठ सोडून गियरवर. वर जाताना भार, म्हणजे रिंगा दाबल्या जातात. उतरताना मूठ बंद, म्हणजे सिलिंडरमध्ये निर्वात पोकळी होऊन थोडं तेल वर ओढलं जातं आणि घासलेला बारीक चुरा धुऊन जातो. दोन्ही हवेत. ते इंजिन पुढे ६० हजार चाललं आणि धूर दिला नाही.

इथे मात्र प्रश्न पडला. घाट आणायचा कुठून? या देशाच्या मुख्य भूमीवरचं सर्वात उंच ठिकाण फाल्सरबर्ग, ३२२ मीटर, आणि तेही पार लिम्बुर्गच्या टोकाला. आपली पर्वती इथे असती तर तिच्यावर केबल कार बांधली असती!

उत्तर पहिल्याच शनिवारी मिळालं, समोरून. वारा!

परत थोडं गणित. हवेचा विरोध हवेशी असलेल्या वेगाच्या वर्गाने वाढतो. समजा तुम्ही ६० ने जाताय आणि समोरून ३० चा वारा आहे (बोफर्ट मोजपट्टीवर ५, इथे अगदीच किरकोळ). हवेला तुम्ही ९० ने भिडता. परतताना तोच वारा पाठीवर, तेव्हा हवेशी वेग फक्त ३०. विरोधात फरक किती? ९० भागिले ३०, म्हणजे तीन, त्याचा वर्ग नऊ. रस्ता तोच, स्पीडोमीटरवर आकडा तोच ६०, आणि हवेचं ओझं जाताना येतानाच्या नऊपट. हा आडवा पडलेला कात्रजच की. सायकलवरून ऑफिसला जाणाऱ्यांना हे सांगायला नकोच, मांड्यांना माहीत असतं.

म्हणून मी रस्ता असा निवडला. उट्रेख्तच्या दक्षिणेला लेक नदीच्या काठाने, डाइकवरून स्खोनहोव्हनपर्यंत. तिथे फेरीने नदी ओलांडायची, पलीकडून आल्ब्लासरवार्डच्या कुरणांतून किंडरडाइककडे. तिथल्या १९ पवनचक्क्यांच्या समोर थर्मासमधला चहा, इंजिन थंड, आणि परत. डाइकचा रस्ता वळणांचा. मध्ये गावं लागतात, वेगमर्यादा ८०, ६०, ५०, ३० अशी सतत बदलते. त्यात दर थोड्या अंतराने गोल चौक. तिसऱ्या गियरमधून वेग घ्या, सोडा, दुसऱ्यात उतरा, वळा, परत घ्या. एका जागी खिळवायचं ठरवलं तरी जमत नाही. फेरीवर इंजिन बंद करावंच लागतं, म्हणजे थोडी विश्रांतीही आपोआप. एक सूचना: काही डाइकांवर शनिवार-रविवारी मोटरसायकलींना बंदी असते. पाटी बघूनच शिरा. शक्यतो आठवड्यातली संध्याकाळ गाठा. आणि वस्तीतून जाताना आवाज आवरा, ती पाटी लागण्याचं कारण आपले आधीचे भाऊबंदच आहेत.

उलट, रनिंगमध्ये टाळायचा रस्ता म्हणजे आफ्स्लाउटडाइक. ३२ किलोमीटर सरळ रेघ, दोन्ही बाजूंना पाणी, वळण नाही. १९३२ साली समुद्र अडवून बांधलेला हा बांध एकदा बघायलाच हवा, पण नव्या १२५ वर नव्हे. समोरून वारा असला तर वाहतुकीबरोबर राहायला वीस मिनिटं मूठ जवळजवळ पूर्ण उघडी, आणि मागून असला तर वीस मिनिटं एकाच हलक्या रेसवर. दोन्ही पंथांच्या चुका एकाच फेरीत.

माझं वेळापत्रक साधारण असं होतं. पहिले दीडशे किलोमीटर अर्ध्या मुठीपर्यंत, छोट्या फेऱ्या, दर तासाभराने थांबा. तिथून पाचशेपर्यंत अधूनमधून पाऊण मूठ, चार-पाच सेकंद, मग सोडायची. पाचशेनंतर पुस्तिकेतल्या आरपीएमच्या मर्यादेत राहून मोकळेपणाने. वरच्या गियरमध्ये गुदमरत ओढायचं मात्र कधीच नाही. कमी आरपीएमला, मोठ्या गियरमध्ये मूठ पिळणं हे जोरात पळवण्यापेक्षा वाईट. आपल्याकडे अॅव्हरेजच्या नादात हे फार करतात.

जे किलोमीटर धरायचे नाहीत

आता माझी नवी चूक, कारण जुन्या चुकीवर भागत नाही.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सुरू झाला, डाइकवर जाणं बंद. मग मी सायकल सोडून ऑफिसला गाडी न्यायला लागलो. सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं, त्यात आठ सिग्नल. महिनाभरात मीटर साडेसहाशेवर गेला आणि मी खूश. एका रविवारी तेल बघायला झाकण उघडलं, तर आतून पांढरट साय. क्षणभर हात थंड पडले. २००७ ची सकाळ आठवली.

तसं काही बिघडलं नव्हतं. थंडीत सहा किलोमीटरमध्ये कूलंट गरम होतं, पण तेल पुरेसं तापत नाही. इंजिन आत शिरलेला दमटपणा बाहेर टाकू शकत नाही, तो तेलात मिसळून ती साय बनते. शिवाय थंड इंजिनात न जळलेलं थोडं पेट्रोल भिंतीवरून तेलात उतरतं आणि तेल पातळ करतं. पुढच्या कोरड्या शनिवारी तासभर नीट फिरवून आणल्यावर साय गेली. पण धडा मिळाला. हजार हा आकडा फक्त खूण आहे. सरासरी ५० च्या वेगाने हजार किलोमीटर म्हणजे २० तास, आणि ५५०० आरपीएम धरले तर क्रँकचे ६६ लाख फेरे. ते फेरे इंजिन नीट तापलेलं असताना, बदलत्या भाराखाली व्हायला हवेत. सहा-सहा किलोमीटरचे तुकडे जोडून मीटर पुढे जातो, रनिंग होत नाही. मी ते किलोमीटर मनातल्या मनात वजा केले.

सुरू करून जागेवर दहा मिनिटं घुरघुरत ठेवणं हाही उपाय नव्हे. अर्धा मिनिट पुरे, मग हळू निघायचं आणि पहिले दहा मिनिटं मूठ आवरायची. शेजारीही दुवा देतात.

टायर, ब्रेक आणि पहिलं तेल

इंजिनाची एवढी चिंता करताना आपण जिवाशी संबंधित गोष्ट विसरतो. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, पहिले दोनशे किलोमीटर पकड कमी. नव्या ब्रेकपॅडनाही डिस्कवर बसायला वेळ लागतो. त्यात इथले ओले विटांचे रस्ते, ट्रामचे रूळ आणि पांढरे पट्टे. पुण्यातल्या खड्ड्यांची सवय झालेल्या माणसाला इथला रस्ता फार विश्वासू वाटतो, तिथेच घात होतो. इंजिनाला काच झाली तर पैशांनी निभावतं. म्हणून सुरुवातीला वळणावर हळूहळू झुकायचं आणि ब्रेक आधीपासून, टप्प्याटप्प्याने.

दुसरं, पहिलं तेल. आजकालच्या कारना हजारला तेल बदलावं लागत नाही, मग दुचाकीला का? कारण बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गियरबॉक्स आणि क्लच सगळे एकाच तेलात न्हातात. रिंगांचा, गियरच्या दातांचा, क्लचचा सगळा पहिला चुरा त्याच लिटरभर तेलात. म्हणून हजारची सर्व्हिस चुकवू नका, शिक्का आणि पावती जपून ठेवा. घरी तेल घालणार असाल तर डब्यावर जासो एमए लिहिलंय का बघा. कारचं 'घर्षण कमी करणारं' तेल ओल्या क्लचला चालत नाही, क्लच घसरतो. साखळीचा ताणही पहिल्या पाचशेत दोनदा तपासा, नवी साखळी थोडी सैल होतेच.

हजारनंतर

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हजार (माझ्या हिशेबाने सातशे) झाले. सर्व्हिसवाल्याला मी जुनं तेल दाखवायला सांगितलं. तो हसला, पण दाखवलं. उजेडात त्यात बारीक चंदेरी चमक होती, रांगोळीत अभ्रक मिसळल्यासारखी. एवढी असायचीच. ड्रेन प्लगवर तुकडे नव्हते.

फोटो बाबांना पाठवला. लगेच फोन आला. त्यांना गाडीपेक्षा एकाच गोष्टीत रस होता. माझ्याकडे ए परवाना असूनही मी १२५ का घेतली, असं ऑफिसात सगळे विचारतात. वजन, विमा, पार्किंग ही कारणं मी सांगतो. खरं कारण बाबांना माहीत आहे. गाडीवर नाव ऑस्ट्रियाचं आहे, केटीएमचं. पण बजाजने २००७ मध्ये तिथे पहिला हिस्सा घेतला आणि २०११ पासून ही १२५ ड्यूक चाकणला बनून युरोपात येऊ लागली. भोसरीहून नाशिक रस्त्याने अर्ध्या-पाऊण तासावर. बाबा तोवर निवृत्तीला आले होते. हा सिलिंडर त्यांच्या हातून गेलेला नाही. तरी ते विचारत होते, "भिंतीला कोटिंग असेल ना आता? निकेलचं? त्याला दगड वेगळा लागतो, हिऱ्याचा."

मग मी त्यांना अठरा वर्षांनी सांगितलं. म्हटलं, "बाबा, त्या वेळी मी दोन हजार किलोमीटर एकाच रेसवर चालवली होती. तुम्ही दोन्ही सांगितलं होतंत, मी चाळीसच ऐकलं."

ते म्हणाले, "बोअर बघितल्यावरच कळलं होतं मला. तेल कितीचं भरलं?"

तर मंडळी, नवी गाडी घेतलेल्या दोघांनी पुस्तिका आधी वाचा, वारा बघून निघा आणि हजारला जुनं तेल स्वतः बघा. अजून परवाना काढायचा असेल त्यांच्यासाठी: इथे कारच्या परवान्यावर ५० सीसीची ब्रोमर चालते, १२५ चालत नाही. त्यासाठी लेखी परीक्षा, मग गाडीवरच्या ताब्याची आणि रस्त्यावरची अशा दोन परीक्षा सीबीआरकडे द्याव्या लागतात. ताब्याच्या परीक्षेतला संथ गतीचा आठचा आकडा लक्ष्मी रोडवर गाडी चालवलेल्याला सोपा जातो, एवढं आश्वासन देतो.

चूभूद्याघ्या.

ता.क. किंडरडाइकला कोणी येणार असेल तर एप्रिलमधल्या पहिल्या कोरड्या शनिवारी निघू. गाडी नसलेल्यांनी सायकलने यावं. वारा सगळ्यांना सारखाच. थालीपिठं माझ्याकडून.